चामड्यावर शाई लागली? आधी हात आवरा

"ताई, डाग एवढासाच होता हो, हरभऱ्याएवढा," असं म्हणत समोरची बाई पर्स पुढे करते आणि पर्सवर पुरीएवढा पांढुरका चट्टा असतो. हरभरा बॉलपेनने टाकलेला. पुरी घरच्या उपायांनी लाटलेली.

मी ठाण्यात घरच्या घरी पर्स, पाकिटं, ऑफिसच्या बॅगा दुरुस्त करते. चेन बदलायची, उसवलेली शिलाई पुन्हा घालायची, उडालेला रंग भरायचा, अशी कामं. शाईचे डाग वर्षभर येत राहतात, आणि त्यातले बरेचसे माझ्याकडे येईपर्यंत बिघडलेले असतात. म्हणून ज्यांनी हे काम कधीच केलेलं नाही त्यांच्यासाठी सविस्तर लिहिते आहे.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. शाई विरघळवणारी जवळपास प्रत्येक वस्तू चामड्याचा स्वतःचा रंगही विरघळवते. फरक इतकाच की बहुतेक वेळा शाई थोडी आधी सुटते आणि चामड्याचा रंग थोडा नंतर. त्या मधल्या फटीत काम करायचं. फट कधी बोटभर असते, कधी केसाएवढी, आणि कधी नसतेच.

पहिली पाच मिनिटं

शाई ओली असेल तर टिपायची. पुसायची नाही. दोन्हींतला फरक हाताला कळायला हवा: कापड डागावर टेकवायचं, बोटाने दाबायचं, सरळ वर उचलायचं, कापडाचा कोरा भाग पुढे घ्यायचा आणि पुन्हा टेकवायचं. हात आडवा फिरला की शाई चामड्याच्या बारीक सुरकुत्यांमधून बाजूला पळते. जुन्या बनियनचं किंवा धोतराचं पांढरं फडकं यासाठी सगळ्यात चांगलं. पांढरंच घ्या. रंगीत फडक्याचा स्वतःचा रंग उतरू शकतो, आणि फडक्यावर काय येतंय हे दिसलं नाही तर पुढचं कामच करता येत नाही.

थेंबच पडला असेल, म्हणजे फाउंटन पेन गळलं किंवा स्टॅम्प पॅड उपडं झालं, तर खडूचं टोक थेंबाला नुसतं टेकवा. खडू शाई वर ओढून घेतो. शाळेत वहीवर शाई सांडली आणि टिपकागद सापडला नाही की आम्ही हेच करायचो, तेव्हा ते बाईंच्या टेबलावरून खडू पळवायला निमित्त होतं.

पेन बॅगेच्या आत फुटलं असेल तर बॅग पूर्ण रिकामी करा आणि आधी ते पेन शोधून बाहेर काढा. हसू नका, डाग पुसण्याच्या गडबडीत पेन आतच गळत राहिलेलं मी पाहिलं आहे. मग अस्तर खिशासारखं उलटं करून बाहेर ओढा आणि अस्तर व चामडं यांच्यामध्ये प्लास्टिकची पिशवी सरकवा. आतली शाई बाहेर येते ती शिलाईच्या भोकांमधून, आणि एकदा दोऱ्यात मुरली की दोरा बदलल्याशिवाय जात नाही. पाकीट असेल तर दुकानांची बिलं, एटीएमच्या पावत्या सगळं काढून ठेवा. तो उष्णतेवर छापणारा कागद असतो, अल्कोहोल लागलं की काळा पडतो. वॉरंटीचं बिल असेल तर गेलंच.

एका थेंबाची परीक्षा

बॅगेच्या तळाशी, पट्ट्याच्या आतल्या बाजूला किंवा झाकणाखाली, न दिसणाऱ्या जागी बोटाने पाण्याचा एक थेंब ठेवा. अर्धा मिनिट नुसतं बघा.

थेंब अळवावरच्या पाण्यासारखा गोल बसून राहिला, तर चामड्यावर रंगाचा आणि त्यावर पारदर्शक फिनिशचा थर आहे. बाजारातल्या बहुतेक ऑफिस बॅगा, सोफे, गाडीच्या सीट या जातीच्या. नवख्याने हात घालावा तो इथेच.

थेंब पसरला आणि खालचं चामडं गडद झालं, तर ते उघडं चामडं. रंग तंतूंमध्ये मुरवलेला असतो, वर संरक्षण काहीच नसतं. ॲनिलिन म्हणून विकली जाणारी महाग चामडी आणि झाडाच्या सालीत कमावलेली साधी चामडी, दोन्ही यात आली. थेंब आधी बसला आणि मिनिटभराने हळूहळू मुरला, तर थर पातळ आहे. त्यालाही उघडंच समजून वागवा.

हात फिरवल्यावर मखमल लागली आणि बोटाची वाट उमटली, तर स्वेड किंवा नुबक. आरशासारखं चकाकत असेल तर पेटंट लेदर. आणि चामडंच आहे की नाही याची शंका असेल तर नाक लावून उपयोग नाही, वास हल्ली बाटलीतून येतो. कुठे कापलेली कड उघडी दिसते का ते बघा. कडेला विणलेलं कापड दिसलं की ते रेक्झिन, तंतूंचा गुंता दिसला की चामडं. दुकानदाराने काय सांगितलं होतं ते यावेळी विसरा.

शाई कोणती

बॉलपेनची शाई घट्ट, तेलकट द्रावणात रंग विरघळवून केलेली असते. लास्लो बिरो या हंगेरियन पत्रकाराने १९३८ साली पेटंट घेतलं ते याच कल्पनेचं: पातळ शाईऐवजी घट्ट शाई आणि ती कागदावर लोळवणारी बारीक गोळी. पाण्याला ही शाई दाद देत नाही, अल्कोहोलला देते. सुरुवातीला ती चामड्याच्या फिनिशवर आणि सुरकुत्यांत बसलेली असते. मग दिवस जातील तसा तिचा रंग फिनिशच्या आत उतरत जातो. संध्याकाळी लागलेला डाग रात्री काढायला घेतला तर बहुधा जातो. गणपतीत लागलेला दिवाळीत आणला तर मी आधीच हात जोडते.

फाउंटन पेनची शाई पाण्यातली. दांडेकरांनी मुंबईत १९३१ साली शाईच्या पुडीपासून सुरू केलेल्या कॅमलिनची दौत ज्यांच्या दप्तरात होती त्यांना आठवेल, शर्टाच्या खिशावरचा निळा डाग पहिल्या धुण्यात अर्धा फिकट व्हायचा. थर असलेल्या चामड्यावर ही शाई ओल्या फडक्यानेच बरीचशी निघते. उघड्या चामड्यावर मात्र ती सगळ्यात वाईट, कारण पाण्याबरोबर थेट आत जाते.

जेल पेन फसवं असतं. त्याची शाई पाण्यातली, पण पुष्कळदा तिच्यात विरघळलेल्या रंगाऐवजी रंगद्रव्याचे बारीक कण असतात. वाळल्यावर ते कण सुरकुत्यांच्या तळाशी अडकून बसतात आणि अल्कोहोलने विरघळत नाहीत. ओली असताना साबणाच्या फेसाने काढलीत तर काढलीत.

पर्मनंट मार्करमध्ये रंगाबरोबर राळ असते, ती पृष्ठभागाला चिकटते. अल्कोहोलने सुटते, पण जोर लागतो, आणि जोर लावला की फिनिशही सुटतं. स्टॅम्प पॅडची शाई मुद्दामच लवकर वाळू नये अशी केलेली असते, त्यामुळे ती दुसऱ्या दिवशीही पसरत असते. तिला पहिले दोन तास फक्त टिपत राहणं हाच उपचार.

मतदानाची शाई हा वेगळाच प्रकार. १९६२ च्या सार्वत्रिक निवडणुकीपासून म्हैसूरच्या कारखान्यातून येणाऱ्या त्या शाईत सिल्व्हर नायट्रेट असतं. ते कातडीतल्या प्रथिनांशी जोडलं जातं आणि उजेडात काळं होतं. चामडं म्हणजे शेवटी कातडीच. बोट ओलं असताना पर्स उघडलीत आणि झाकणाला डाग लागला, तर त्या जागी पुढेमागे रंगच भरावा लागतो.

शिवाय जे शाईचे डाग म्हणून येतात ते सगळे शाईचे नसतात. फिक्या पर्सच्या मागच्या बाजूला सारखा पसरलेला निळसर थर असेल तर तो नव्या जीन्सचा रंग. पर्सचा आकार टिकावा म्हणून आत वर्तमानपत्र कोंबून ठेवलं असेल, तर आतून करडेपणा येतो तो छपाईच्या शाईचा; कोरा कागद वापरावा. आणि चपलेवर किंवा पट्ट्यावर निळे-काळे ठिपके असतील तर खाली हिरड्याबद्दल लिहिलं आहे ते आधी वाचा.

सामान

मेडिकलमधून कापसाच्या बारीक काड्यांचं पाकीट आणि ७० टक्के आयसोप्रोपाइल अल्कोहोल. मोबाइल दुरुस्तीवाले त्याला नुसतं आयपीए म्हणतात, पण त्यांच्याकडची बाटली बहुधा ९९ टक्क्यांची असते, ती नवख्याला फार तेज. अंगाचा सौम्य ग्लिसरीन साबण किंवा लहान मुलांचा शाम्पू, पांढरी फडकी, टिश्यू, दोन वाट्या पाणी, आणि शेवटी लावायला रंगहीन लेदर क्रीम. खिडकी उघडी ठेवा, जवळ गॅस, निरांजन, उदबत्ती नको. काम दिवसा करा. ट्यूबलाइटखाली निळा डाग गेल्यासारखा दिसतो आणि सकाळी पुन्हा हजर असतो.

थराच्या चामड्यावरचा बॉलपेन

मागच्या पावसाळ्यात एका बँकेत काम करणाऱ्या बाईंची टॅन रंगाची बॅग आली. पुढच्या खिशावर बॉलपेनची तीन इंची रेघ, आदल्या दिवशीची, अजून काहीही न लावलेली. अशी गिऱ्हाइकं विरळा. त्या रेघेवर काय केलं ते क्रमाने सांगते, तुम्हीही याच क्रमाने जा.

१. आधी साबण. वाटीभर पाण्यात शाम्पूचे दोन थेंब, हाताने फेस. फडक्याच्या कोपऱ्यावर पाणी न घेता फक्त फेस घेतला, रेघेवर टेकवला, टिपला. तीनदा. बॉलपेनला याने फारसं काही होत नाही, पण वरचं तेल आणि हाताचा मळ निघतो आणि अल्कोहोल सरळ शाईपर्यंत पोचतं. जेल किंवा फाउंटनची शाई असती तर बहुधा इथेच काम संपलं असतं.

२. चामडं पूर्ण वाळू दिलं. वीस मिनिटं, पंख्याखाली. ओल्या चामड्यात शाई चालायला लागते.

३. बॅगेच्या तळाशी चाचणी. काडीला अल्कोहोल लावून ती टिश्यूवर दाबली, म्हणजे काडी दमट राहिली, निथळती नाही. तळावर पाच सेकंद टेकवली. काडीवर काही आलं नाही. मग दहा सेकंद. अगदी फिकट तपकिरी आलं. म्हणजे मला एका जागी पाचच्या वर आणि दहाच्या आत सेकंद मिळणार होते. ही चाचणी पाच सेकंदांतच रंग देत असेल तर बाटलीचं झाकण लावा आणि थांबा.

४. काडी रेघेवर टेकवायची, अर्धा फेरा फिरवायची, उचलायची. घासायचं नाही, लोळवायचं. रेघेच्या टोकाकडून मध्याकडे. ठिपका असेल तर कडेकडून आत. उलट गेलात तर शाईची सीमा तुम्हीच वाढवता. टोक निळं झालं की ती काडी कचऱ्यात. निळी काडी पुन्हा टेकवणं म्हणजे डाग काढून पुन्हा लावणं.

५. दर दोन काड्यांनंतर साध्या पाण्याच्या दमट फडक्याने ती जागा टिपायची, म्हणजे उरलेलं अल्कोहोल तिथे बसून काम करत राहत नाही.

पहिली काडी कपड्यांच्या निळीसारखी गडद आली. चौथी आकाशी. सहावीपर्यंत रेघ अर्धी पुसट झाली होती आणि त्या बाई स्टुलावरून पुढे झुकून बघत होत्या. आठवी फिकट निळी. नववीच्या टोकाला निळ्याच्या बाहेर एक कड दिसली, बशीत सांडून वाळलेल्या चहासारखी. तो चामड्याचा रंग. मी काडी खाली ठेवली. "अजून थोडं आहे ना ताई," बाई म्हणाल्या. होतं. पण दहाव्या काडीला निळं कमी आणि तपकिरी जास्त आलं असतं, आणि मग रेघेच्या जागी रेघेच्याच आकाराची फिकट पट्टी उरली असती. निळी सावली क्रीम लावल्यावर दोन फुटांवरून दिसत नव्हती. फिकट पट्टी रस्त्याच्या पलीकडून दिसते.

त्या काडीकडे बघत राहणं हेच या कामातलं सगळ्यात मोठं कौशल्य आहे. माणूस डागाकडे बघतो, बघायचं काडीकडे.

उघडं चामडं

इथे अल्कोहोल नको. ते रंगही ओढतं आणि चामड्यातलं तेलही, आणि कडेला एक वर्तुळ सोडतं जे मूळ डागापेक्षा ठळक असतं. शाई ओली असेल तेवढी टिपून घ्या. वाळलेली असेल तर आधी पांढऱ्या मऊ खोडरबराने हलक्या हाताने, एकाच दिशेने प्रयत्न करा. वरवरची बॉलपेनची रेघ कधीकधी थोडी उतरते.

पाणी वापरायचंच असेल तर फक्त डागाला लावू नका. पाण्याच्या थेंबाची सुद्धा उघड्या चामड्यावर वाळताना कड उमटते. एका शिलाईपासून दुसऱ्या शिलाईपर्यंतचा पूर्ण तुकडा फेसाच्या दमट फडक्याने सारखा ओलावायचा, मग डागावर दोन-तीनदा टिपायचं आणि सावलीत वाळू द्यायचं. म्हणजे कड पडलीच तर शिलाईत लपते.

आणि थोडं सोडून द्यायला शिका. उघडं चामडं वापराने गडद होत जातं, हाताचं तेल, ऊन, धूळ सगळं त्यात मुरतं. कोऱ्या टॅन पाकिटावर डोळ्यात खुपणारा ठिपका दोन वर्षांनी शोधावा लागतो. ते मान्य नसेल तर संपूर्ण वस्तू गडद तपकिरी किंवा काळी रंगवून घ्यायची. निळ्यावर फिका रंग चढत नाही.

हिरडा, लोखंड आणि न सांडलेली शाई

कोल्हापुरी चपलेवर किंवा जाड टॅन पट्ट्यावर निळे-काळे ठिपके दिसतात आणि घरात कुणीच शाई सांडलेली नसते. मुलांना उगाच ओरडू नका. कोल्हापुरीचं चामडं परंपरेने बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात कमावलेलं असतं. त्यातलं तुरट द्रव्य, म्हणजे टॅनिन, आणि लोखंड यांची ओल्यात गाठ पडली की काळा रंग तयार होतो. लोखंडी कढईत आवळा शिजवला की काळा होतो तो याचमुळे. जुन्या काळी हिरडा आणि हिराकस, म्हणजे लोखंडाचा क्षार, यांची काळी शाई करत, ती हीच. म्हणजे पावसात भिजलेली चप्पल गंजक्या स्टँडवर ठेवली, किंवा ओल्या पट्ट्यावर लोखंडी बक्कल रात्रभर पडलं, तर चामड्याच्या आतच शाई तयार होते.

या डागावर अल्कोहोल, साबण काही चालत नाही. लिंबू चालतं. एरवी चामड्यापासून लिंबू लांब ठेवा असंच मी सांगते, हा एक अपवाद. अर्धा चमचा लिंबूसत्व अर्ध्या कप पाण्यात विरघळवा, काडीने फक्त ठिपक्यावर लावा आणि बघत राहा. मिनिट-दोन मिनिटांत काळं तपकिरी होऊ लागतं. मग साध्या पाण्याच्या फडक्याने तीन-चारदा टिपून आंबटपणा काढून टाका, वरच्यासारखा पूर्ण तुकडा दमट करा आणि सावलीत वाळवा. लिंबाने चामडं थोडं फिकटही होतं, त्यामुळे आधी चपलेच्या खालच्या बाजूला बघून घ्या. स्टँडवर जुनं गोणपाट टाकलं तर पुढच्या पावसाळ्यात हा उद्योग करावा लागत नाही.

बाकीचे प्रकार

स्वेड आणि नुबकला ओलं काहीच लावू नका. टिपा, वाळू द्या, मग खोडरबर, आणि तरी राहिलं तर सगळ्यात बारीक पॉलिश पेपरने, झीरो नंबरने, अगदी हलके तंतूंची टोकं उडवा आणि मऊ ब्रशने लव पुन्हा उभी करा. वरवरची रेघ जाते. आत गेलेली जात नाही, आणि फार घासलंत तर टक्कल पडतं.

पेटंट आणि रेक्झिन यांच्यात घाई हाच उपाय. दोन्हींचा वरचा थर प्लास्टिकचा, आणि बॉलपेनचा रंग प्लास्टिकमध्ये स्वतःहून खोल उतरत जातो. त्याच दिवशी दमट काडी, लगेच साबणाचा फेस, लगेच पाणी. आठवडा झाला असेल तर डागाच्या कडा धूसर झालेल्या दिसतील. तेव्हा तो रंग थराच्या पोटात असतो, वरून काही करून उपयोग नाही. स्वस्त रेक्झिनचा पापुद्रा आधीच सुटत असेल तर अल्कोहोल लावूच नका, डागासकट साल निघेल.

उपायांची पंगत

नेलपॉलिश रिमूव्हर. यातलं ॲसिटोन फिनिशचा थर सरळ वितळवतं. हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. बाबांची फिक्या तपकिरी चामड्याची ब्रीफकेस होती, तिच्यावरचा बोटभर डाग काढायला मी कॉलेजात असताना रिमूव्हरचा कापूस फिरवला. पहिल्या फेऱ्यात डाग गेला, मी खूश. दुसऱ्या फेऱ्यात कापसाला पापडासारखं काहीतरी चिकटून आलं, आणि झाकणावर रुपयाएवढा खरखरीत पांढरा गोल. बाबा काही बोलले नाहीत. ती ब्रीफकेस नंतर माळ्यावरच राहिली.

सॅनिटायझर. अल्कोहोल आहे म्हणून लोकांना बरोबर वाटतं. पण ते जेलमध्ये आहे, आणि जेल जागेवर बसून राहतं. काडी पाच सेकंदांत उचलता येते, जेलचा गोळा उचलेपर्यंत खालचा रंग सुटलेला असतो. माझ्याकडच्या पुऱ्यांपैकी सर्वाधिक या बाटलीच्या.

टूथपेस्ट आणि खाण्याचा सोडा. टूथपेस्ट घासते, सोडा अल्कलीचा. चामडं स्वभावाने किंचित आम्लधर्मी असतं, पीएच साधारण ४-५ च्या आसपास. कपडे धुण्याचा साबणही सोड्यासारखाच अल्कलीचा. यांनी चामडं कोरडं पडतं आणि पुढे तडकतं. ब्लीच लावलंत तर चामड्याचे तंतूच कमकुवत होतात. हेअरस्प्रे ही जुनी युक्ती, पूर्वीच्या स्प्रेत भरपूर अल्कोहोल असायचं म्हणून चालायची. हल्ली डाग तसाच राहतो आणि वर चिकट थर बसतो. दुधात भिजवणं हे कापडासाठी ठीक. चामड्याला दूध लावलं तर चार दिवसांनी पर्स कुणी जवळ धरणार नाही.

डाग निघाल्यावर

अल्कोहोलने चामड्यातलं थोडं तेल जातंच. एक रात्र सावलीत, मोकळ्या हवेत राहू द्या. ऊन, ड्रायर, इस्त्री काही नको. दुसऱ्या दिवशी क्रीम मुगाच्या दाण्याएवढं फडक्यावर घेऊन फक्त डागाच्या जागी न लावता पूर्ण तुकड्यावर गोल गोल फिरवा, नाहीतर तेवढीच जागा चकाकते. स्वेड आणि नुबकला मात्र क्रीम नको, त्यांची लव चिकटून बसते. खोबरेल तेलाचा मोह टाळा. चामडं कायमचं गडद होतं, आणि कोकणपट्टीच्या पावसाळ्यात बुरशीला ते फार आवडतं.

जागा थोडी फिकट झाली असेल तर रंग भरता येतो. धारावीत सायन-वांद्रे लिंक रोडवरच्या चामड्याच्या बाजारात विचारलंत तर चामड्याचा रंग कुठे मिळतो ते कळेल. घरून निघताना वस्तू बरोबर घेऊन जा, फोटोवर रंग जुळत नाही. एका ऐवजी दोन जवळच्या छटा घ्या, तळाशी लावून वाळल्यावर पारखा, आणि ब्रशऐवजी स्पंजच्या तुकड्याने थोपटत लावा. बुटाचं पॉलिश पर्सला लावू नका, ते साडीला लागतं.

कारागिराकडे नेताना

पाच सेकंदांत रंग सुटणारं चामडं, महिन्याभराचा जुना डाग, महागडं ॲनिलिन किंवा आजीची आठवण असलेली वस्तू, यांवर घरी प्रयोग नकोत. आणि नेताना आधी काय काय लावलं आहे ते सगळं सांगा. लाजू नका. तुम्ही सॅनिटायझर लावलं असेल तर त्याचा उरलेला थर मला आधी काढावा लागतो. खोबरेल चोळलं असेल तर नवा रंग धरणारच नाही, आधी तेल ओढून घ्यावं लागतं. "काही नाही लावलं" असं ऐकून मी कामाला लागते, आणि तिसऱ्या काडीला टूथपेस्टचा पुदिन्याचा वास येतो.